बक्षिसाच्या पकडी

आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या पोराचा फ्लेक्स मंठ्याच्या चौकात लागला, तेव्हा त्याची निवड कुठेच झालेली नव्हती. फ्लेक्सवर ‘निवडीच्या उंबरठ्यावर’ हे बारीक अक्षरात होतं आणि ‘मराठवाड्याची सांडशी’ हे ठळक अक्षरात. खाली शुभेच्छुकांचे चेहरे. त्यात प्राचार्य होते, आमचे क्रीडाशिक्षक होते, आणि ज्यांनी कबड्डीचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नाही असेही पाच-सहा जण होते. माझाही फोटो मागितला होता. मी दिला नाही. का, असं विचारल्यावर मी म्हणाले, “अजून काही झालेलं नाही.” आमच्याकडे असं बोलणं अपशकुन मानतात.

मी त्या कॉलेजच्या कार्यालयात काम करते. प्रवेश, परीक्षेचे अर्ज, दाखले. पण जिल्ह्यात मला लोक ओळखतात ते कबड्डीची गुणलेखक म्हणून. वीस वर्षं मैदानाच्या कडेच्या टेबलाशी बसते आहे. पहिल्या वर्षी पुरुषांच्या सामन्याला बाई गुण लिहिते हे बघायला सामन्यापेक्षा जास्त गर्दी टेबलाभोवती झाली होती. आता मी नसले तर सामना सुरू करायच्या आधी विचारतात, मॅडम कुठं आहेत म्हणून.

गुणपत्रक आयोजकांचं असतं, ते त्यांच्याकडे जातं. त्याशिवाय माझी स्वतःची एक वही असते. तिच्यात एका चढाईला एक ओळ. कोण चढाईला आला, समोर किती गडी उभे होते, पकड कोणी केली, कशी केली, फसली की लागली. आणि शेवटी एक अरुंद रकाना, ज्यात कधीकधी ‘ब’ हे अक्षर असतं.

त्या ‘ब’चं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं.

आमच्याकडच्या गावोगावच्या स्पर्धांत एक रीत आहे. सामना रंगात आला की गर्दीतून कोणीतरी माईकवाल्याकडे चिठ्ठी सरकवतो. माईकवाला चढाई थांबवतो आणि ओरडतो, “पुढच्या चढाईला बक्षीस! गडी सुटून गेला तर गड्याचं, धरला तर धरणाऱ्याचं!” बक्षीस कधी रोख असतं, कधी स्टीलचा डबा, कधी टेबलफॅन. धावड्याच्या स्पर्धेत एकदा बोकड होता. तो माझ्या टेबलाच्या पायाला बांधला होता आणि त्याने गुणपत्रकाचा एक कोपरा खाल्ला. सामना संपला की बक्षिसांवरून भांडणं होतात. डबा कोणाचा, फॅन कोणाचा. दोन्ही संघ माझ्याकडे येतात. म्हणून मी बक्षिसाच्या चढाईपुढे ‘ब’ लिहायला लागले. भांडण मिटवायची सोय, एवढाच त्यामागचा विचार.

आता पोराबद्दल. तो धावड्याचा. आजोबांच्या पिढीपर्यंत घरचे लोक मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. आता शेती आहे आणि तीसेक मेंढ्या आहेत. आमच्या क्रीडाशिक्षकांनी त्याला तिथल्या मातीतल्या मैदानावर पाहिला आणि मंठ्याला आणून वसतिगृहात ठेवला. घोट्याची पकड त्याची खरंच बघण्यासारखी होती. चढाई करणाऱ्याने पाय पुढे टाकला की हा खाली जायचा, दोन्ही हातांचा विळखा घोट्याला, आणि गडी तोंडावर. पहिला व्हिडिओ कोणीतरी मोबाईलवर टाकला आणि तो गावातून गावात गेला. मग एक बातमीदार धावड्याला जाऊन आला. पोरगा मेंढ्यांचा मागचा पाय धरता धरता पकड शिकला, अशी गोष्ट त्याने केली. गोष्ट खोटी नव्हती. पण कॅमेऱ्यासाठी त्याला एकाच मेंढीचा पाय सहा वेळा धरायला लावला. वडील म्हणाले, “बस करा की आता, भ्यायली ती.” ते वाक्य बातमीत नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक स्पर्धेत माईकवाला त्याच्या नावाच्या आधी सांडशी म्हणायला लागला. चुलीवरचं गरम पातेलं सांडशीने धरतात तसा हा पाय धरतो, असं.

मग मला फोन आला. टीव्हीवर जी व्यावसायिक लीग दाखवतात, त्यातल्या एका संघासाठी खेळाडू शोधणारा माणूस होता.

“मॅडम, व्हिडिओ सगळे बघितले,” तो म्हणाला. “व्हिडिओत पकडी दिसतात. न झालेल्या पकडी कोण दाखवतं? तुमच्याकडे वही असते म्हणे.”

“असते.”

“त्याचे दोन वर्षांचे सामने काढून द्या. चाचणी शिबिराला बोलवायचं की नाही ते आम्ही त्यावरून ठरवू. आठवड्याच्या आत हवं.”

मी हो म्हणाले. पोराचं शिबिर माझ्या वहीवर अडकलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. उगाच साळसूदपणा करत नाही.

रविवारी सकाळी स्वयंपाक उरकून वह्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. एकूण पकडींचा आकडा डोळे दिपवणारा आला. फ्लेक्स लावणाऱ्यांचं चुकलं नव्हतं म्हणायचं. मग मी सवयीप्रमाणे पकडींचे गट पाडले. कोणत्या संघाविरुद्ध, किती गडी उभे असताना. शेवटी, रकाना आहेच तर, म्हणून ‘ब’ वेगळे काढले.

‘ब’ काढल्यावर बाकी फारच थोडं उरलं. मी चहा केला आणि पुन्हा पहिल्यापासून बघितलं. तेच आलं. त्याच्या नामांकित पकडी बहुतेक सगळ्या बक्षिसाच्या चढाईतल्या होत्या. साध्या चढाईत तो एक तर काहीच करत नव्हता, नाहीतर वेळेआधी पुढे झेपावून स्वतःच बाद होत होता.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. बक्षीस लागलं की चढाईवाला गडीसुद्धा चढाई करत नाही, मिरवणूक काढतो. अख्खं गाव बघत असतं. रेषेला पाय लावून परत आला तर लोक भित्रा म्हणतात. म्हणून तो आत येतो, खोल येतो, पाय पुढे टाकतो. म्हणजे पकडीत स्वतःच येऊन उभा राहतो. व्यावसायिक सामन्यात असं कोण येतं? तिथे गडी हिशोबाने येतो, जमलं तर आतल्या रेषेपलीकडे पाय टाकून बोनस गुण घेतो, नाहीतर हात हलवत परत जातो.

सोमवारी मी हे क्रीडाशिक्षकांना सांगितलं. ते माझ्याच वयाचे, माझ्याच कार्यालयात चहा पिणारे. आमचं एरवी बरं आहे.

“बक्षिसाच्या वेगळ्या काढल्या? कशाला काढल्या?” ते म्हणाले.

“रकाना होता.”

“मॅडम, त्यानं मागितलं काय? पकडी. टोटल देऊन टाका. टोटल खोटं आहे का?”

“नाही.”

“मंग?”

“पुरं नाही.”

त्यांनी कप ठेवला. “अहो, तिकडं तिसऱ्या चढाईला गुण घ्यावाच लागतो. न्हाई घेतला तर गडी बाद. म्हणजे तिथंबी त्याला आत यावंच लागतंय. तिथं आपला पोरगा धरतोय की बराबर.”

मुद्दा चांगला होता. मी तो घरीही तपासला होता.

“सर, पहिल्या दोन चढायांतच तो पुढं उडी मारून बाहेर बसला, तर तिसऱ्या चढाईला मैदानात कोण असणार? तुम्ही?”

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. सर हसले नाहीत. “घरचं खाऊन पोराच्या मुळावर का उठून राह्यल्या तुम्ही?” एवढं बोलून उठले.

काम रेंगाळत ठेवायची मला सवय नाही. त्याच दुपारी दोन्ही याद्यांचे फोटो काढून त्या माणसाला पाठवून दिले. बक्षिसासकट एक, बक्षिसाशिवाय एक. वर एक ओळ लिहिली: दुसरी यादी खरी धरावी.

ती ओळ मी लिहिली नसती तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी मला ती सगळ्यात चोख वाटली होती.

गावात बातमी पोचायला दुसरा दिवस उजाडावा लागला नाही. किराणा दुकानदाराने तूरडाळ बांधता बांधता विचारलं, “काय मॅडम, पोराच्या पायात पाय घालून राह्यल्या म्हणे?” मी म्हटलं, “माझा पाय दुखतो, दुसऱ्याच्या पायात घालायला वेळ नाही. डाळ बराबर मोजा.” वसतिगृहातली पोरं मला बघून बोलणं थांबवायला लागली. प्राचार्यांनी बोलावून घेतलं आणि कॉलेजचा नावलौकिक वगैरे सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि पाठवलेलं परत घेता येत नाही, हे सांगून बाहेर आले. मी घाबरले नव्हते. मला राग आला होता. ज्या माणसांनी दोन वर्षांत एकदाही वही उघडून बघितली नव्हती, त्यांना आता वहीत काय असावं हे ठरवायचं होतं.

बुधवारी सकाळी पोरगा माझ्या घरी आला. सोबत वडील. वडील धावड्याहून पहिल्या गाडीने आले होते. खांद्यावर टॉवेल, हातात पिशवीत वांगी. मी दोघांना पाणी दिलं. वडील खुर्चीच्या टोकाला बसले, पोरगा उभाच.

“मॅडम, तुम्ही असं का लिवलं?” तो म्हणाला.

“जे झालं ते लिहिलं.”

“धरलं त्ये धरलंच न्हाई का मंग? बक्षीस माईकवाला लावतो, मी लावतो का?”

“तू नाही लावत. पण ते लागलं की जागा होतोस, आणि नसलं की झोपतोस.”

“कागदावरून बोलून राह्यल्या तुम्ही. कधी मैदानात उतरल्या का?”

वडील दचकले. “ए, नीट बोल.”

“बोलू द्या,” मी म्हणाले. “उतरले होते रे. मधल्या जागेवर खेळायचे, तुझ्या आईचं लग्न व्हायच्या आधी. दोन दात त्यात गेले. बघायचेत?”

तो वरमला, पण मान खाली घातली नाही. ते मला आवडलं.

“उद्यापासून तीन दिवस,” मी म्हटलं, “सकाळी सात वाजता कॉलेजच्या मैदानावर यायचं. माईक नाही, गर्दी नाही, बक्षीस नाही. चढाईला गडी मी आणते. जे होईल ते लिहीन, आणि तेही पाठवीन.”

“चालतंय,” तो म्हणाला.

“मी येऊ का ताई बघायला?” वडिलांनी विचारलं.

“या ना. तुमचा मुक्काम कुठे?”

“पोराच्या खोलीवर. मेंढरं भाऊ बघतो.”

गडी मी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांतून आणले. तिघंही जिल्ह्याच्या संघातून खेळलेले, पायाने चपळ. त्यांना एवढंच सांगितलं की शौर्य दाखवायचं नाही. रेषा ओलांडायची, जमला तर बोनस घ्यायचा, नाहीतर परत यायचं. कॉलेजच्या बाकी सहा पोरांना त्याच्या बाजूला उभं केलं. सर आले, हाताची घडी घालून दूर कडुनिंबाखाली उभे राहिले. माझ्याशी बोलले नाहीत.

पहिल्या सकाळी पोरगा तापलेलाच आला होता. दुसऱ्याच चढाईला घाईने पुढे गेला, गड्याने त्याच्या डोक्याला टिचकी मारल्यासारखा हात लावला आणि रेषेपलीकडे गेला. पोरगा बाहेर. आत आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाहेर गेला तेव्हा त्याने मातीला लाथ मारली. मी सगळं लिहिलं.

दुसऱ्या सकाळी तो हललाच नाही. रात्रभर काय विचार केला असेल तो असो, पण कोपऱ्यात खांबासारखा उभा. चढाया येत होत्या, जात होत्या. उजव्या बाजूच्या पोरांनी दोन-तीन गडी धरले. याचा हात कोणाला लागला नाही. मी ओळीमागून ओळ त्याच्या नावापुढे ‘काही नाही’ लिहीत गेले. माझं बरोबर ठरत होतं, आणि ते मला आवडत होतं. हेही लिहायलाच हवं.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला कार्यालयात फोनवर निरोप आला. संघाच्या माणसाने लिहिलं होतं, दुसरी यादी बघितली, धन्यवाद, यंदा या मुलाला बोलावत नाही.

मी तो निरोप दोनदा वाचला आणि फोन उपडा ठेवला. मला हवं होतं तेच झालं होतं, म्हणजे खऱ्या यादीवरून निर्णय झाला होता. तरी त्या दिवशी मी तो कोणाला सांगितला नाही. उद्याची सकाळ ठरलेली आहे, ती आधी होऊ दे, असं स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या सकाळी वडील माझ्या शेजारी येऊन बसले. आदल्या दोन दिवशी ते कडेला वहाणांवर बसून बघत होते. खेळाचे नियम त्यांना अर्धेमुर्धेच ठाऊक. थोडा वेळ त्यांनी माझ्या वहीकडे बघितलं, थोडा वेळ मैदानाकडे.

“ताई, ह्ये गडी इकडच्या अंगानं का येऊन न्हाई राह्यले?”

“कोणत्या?”

“पोराच्या. काल बी न्हाई आले. समदे तिकडूनच जाऊन राह्यले.” त्यांनी हाताने दाखवलं. “कुत्रं बसलेलं असलं ना, की त्या बाजूनं मेंढरू जात न्हाई. कुत्रं भुंकत न्हाई, उठत बी न्हाई. पर मेंढरू वळसा घालूनच जातं.”

मी वर बघितलं. पुढच्या चार चढाया पेन खाली ठेवून नुसत्या पाहिल्या. चारही उजवीकडून. चौथ्या वेळी गड्याला डावीकडे मोकळी जागा दिसत होती, बोनसची रेषा तिथे उघडी होती, तरी तो वळला आणि उजवीकडच्या गर्दीत शिरला. तिथे आमच्या पोरांनी त्याला धरला. पकड उजव्या कोपऱ्याच्या नावावर लागली.

मी उठून खेळ थांबवला आणि त्या गड्याला जवळ बोलावलं. “तिकडे जागा होती. का नाही गेलास?”

“तिकडं?” तो हसला. “पाय सांडशीत कोण देतं मॅडम? सुटला तर ठीक, न्हाई सुटला तर भरतीला लंगडत जायचं.”

“तुला कोणी सांगितलं होतं का, तिकडे जाऊ नको म्हणून?”

“सांगायला कशाला पायजे?”

वीस वर्षांच्या माझ्या वह्यांत गडी कोण होता ते आहे, कोणी धरलं ते आहे, बक्षीस होतं की नव्हतं तेही आहे. चढाई कोणत्या अंगाने गेली, हे एकाही ओळीत नाही. ज्या चढाईत काही झालं नाही तिच्यासमोर मी ‘काही नाही’ लिहून पुढे जात होते. बक्षिसाची चढाई असली की गड्याला लाजेकाजेस्तव याच्या अंगावर यावं लागायचं, म्हणून तिथे त्याच्या पकडी दिसायच्या. साध्या चढाईत कोणी येतच नव्हतं, म्हणून दिसत नव्हत्या. मी ते झोपणं समजले.

मी वहीचं नवीन पान उघडलं, डावं-उजवं अशा दोन रेघा मारल्या आणि उरलेली सकाळ तेवढंच लिहिलं. सर कडुनिंबाखालून पुढे आले. माझ्या खांद्यावरून पानाकडे बघत म्हणाले, “ह्ये काय चाललंय आता?”

“जे आधी करायला हवं होतं ते.”

मग मी दोघांनाही सांगितलं, सरांना आणि वडिलांना. निरोप आला आहे, बोलावत नाहीत, आणि तो माझ्या यादीवरून. सर काहीतरी कडक बोलणार होते, पण वडील आधी बोलले. “मंग आता पुन्यांदा सांगा की त्यांला.” इतकं सरळ. जणू चुकीच्या रस्त्याला लागलेलं कोकरू वळवायचं आहे.

मी घरी जाऊन फोन केला.

“मॅडम, पाच दिवसांपूर्वी तुम्हीच लिहिलंत, दुसरी यादी खरी धरा,” तो माणूस म्हणाला.

“हो, मीच लिहिलं. यादीत खोटं काही नाही. पण ती अपुरी आहे.” आणि चढाया कोणत्या अंगाने जातात ते मी त्याला सांगितलं.

“एका सकाळच्या सरावावरून सांगताय.”

“सरावावर जाऊ नका. तुमच्याकडे व्हिडिओ आहेत. पकडींचे तुकडे नकोत, पूर्ण सामन्यांचे काढा. पोराकडे बघूच नका. चढाईवाल्याच्या पायांकडे बघा, ते कुठे वळतात.”

“कॉलेजकडून काही दबाव आला आहे का तुमच्यावर? खरं सांगा, आम्हाला हे नेहमीचं आहे.”

त्यावर मात्र माझा आवाज चढला. “दबावाला भ्यायले असते तर तुम्हाला पहिल्याच दिवशी नुसती टोटल पाठवली असती. लोक माझ्यावर चिडलेत ते तुम्हाला खरं सांगितलं म्हणून. आता उरलेलं खरं सांगते आहे, तर ते तुम्हाला नको?”

“तसं नाही मॅडम.”

“मग कसं? आणि हेही ऐकून ठेवा, तो वेळेआधी पुढे झेपावतो. ते मी खोडत नाही. तुमच्या मैदानावर पहिल्या महिन्यात तो सारखा बाहेर बसेल. त्याला थांबायला शिकवावं लागेल, आणि त्याला वेळ लागेल. पण भीती शिकवता येत नाही. समोरच्याच्या पायात ती आधीच आहे, आणि ती या पोरामुळे आहे. ती तुम्हाला कोणत्या शिबिरात मिळणार?”

तो म्हणाला, बघतो. लोक बघतो म्हणतात तेव्हा बहुतेक बघत नाहीत, म्हणून मी लगेच नव्या पानाचा फोटो पाठवला आणि सोबत पाच सामन्यांची यादी दिली, ज्यांचे पूर्ण व्हिडिओ आहेत हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले का म्हणून विचारलं. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आधी शिबिराचं पत्र कॉलेजच्या मेलवर आलं.

फटाके वाजले. ते अपेक्षितच होतं. सरांनी मला पेढा दिला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “शेवटी मॅडमनी यादी बदलली म्हणायची!” मी पेढा हातात धरूनच सांगितलं, “बदलली नाही सर. वाढवली. आधीची यादी अजून तशीच आहे, तीही त्यांच्याकडे आहे.” काही जणांना वाटतं मी आधी चुकले होते. काही जणांना वाटतं मी नंतर नमले. दोन्ही गट मला अजून भेटतात आणि दोघांनाही मी हेच सांगते, की दोन्ही कागद माझ्याच सहीचे आहेत आणि दोन्हींच्या मागे मी उभी आहे.

पोराला शिबिरातून घेतलं, पण राखीव म्हणून. सराव संघाबरोबर करायचा, सामन्याला बाकावर बसायचं. गावात हे ऐकून निम्मा उत्साह ओसरला. कोणी म्हणालं, राखीव म्हणजे न घेतल्यासारखंच. मी त्याला विचारलं, तुमच्या घरातून आजपर्यंत कोण कुठे राखीव झालंय?

जाऊन तीन आठवडे झाले आणि एका रविवारी पोराचा फोन आला.

“मॅडम, जेवण झालं का?”

“झालं. तुझं काय चाललंय?”

“उभं करून ठेवून राह्यले मला. सकाळपासून तीस-चाळीस चढाया. धरायचं न्हाई, नुसतं उभं राह्यचं. शेजारच्याच्या मनगटाला टॉवेलनं मनगट बांधतात. पुढं गेलो की तो बी ओढला जातो, मंग तो शिव्या देतो.”

“कोणत्या भाषेत?”

“हरियाणवी.” तो हसला. मग आवाज खाली आला. “मॅडम, कंटाळा आला. गेल्या आठवड्यात बॅग भरली होती.”

“मग?”

“पुन्हा काढून ठेवली.”

त्याचंच बोलणं अजून संपायचं होतं.

“खरं सांगा, खेळवतील का मला?”

“खेळवतील असं वाटलं म्हणून भांडले. नसतं वाटलं तर त्यांच्या नकारावर गप्प बसले असते.”

“कधी खेळवतील?”

“ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नसतं. जो माहीत आहे म्हणेल तो थापा मारतो.”



“मॅडम, मॅटवरचे बूट दिलेत, ते अंगठ्याला दाबतात. एक नंबर मोठा मागू का? नवीन आहे म्हणून बोललो न्हाई अजून.”

“तीन आठवडे दाबून घेतलास? आज माग. आत्ता जा.”

“आत्ता?”

“आत्ता. फोन ठेव आणि जा.”

त्याने फोन ठेवला.